माझ्या हाताखाली बारा माणसं

माझ्या नातवाला मुलगी मिळत नव्हती. तिशीला टेकला होता. दिसायला वाईट नाही, दारू नाही, गुटखा नाही. दोष एकच, तो मेंढरं राखत होता.

आमच्यात पूर्वी मेंढरांवरून माणूस मोजायचे. ज्याच्याकडे कळप मोठा, त्याच्या दारात मुलींचे बाप बसलेले असायचे. आता मुलींचे बाप दारात येतात, वास घेतात आणि चहा अर्धा टाकून उठतात. नंतर निरोप येतो, पत्रिका जुळत नाही. पत्रिका कुणी मागितलेलीच नसते.

शेवटी सोयरीक जुळवणारा मध्यस्थ एकदा स्पष्टच बोलला. आमचाच लांबचा नातेवाईक, दिवसभर मोटारसायकलवर गावोगाव फिरतो.

"बाई, पोरीला नोकरीवाला पाह्यजे. कसली बी नोकरी चालती. अन् चार शब्द विंग्रजी आलं पाह्यजे."

"मेंढरं विंग्रजीत हाकली तर चालतं का?" मी विचारलं.

"हसून घ्या. पोरगं चाळिशीला आलं की मंग रडा."

मी रडले नसतेच, पण सून रडायला तयारच असते. तिने महिनाभर जेवताना डोळे पुसले. मग माझ्या मुलाने एका ठेकेदाराला गाठलं आणि नातू जालन्याच्या एका लोखंडाच्या कारखान्यात लागला. तिथे देशभरातून मोडकंतोडकं लोखंड येऊन पडतं. ते भट्टीत जाण्याआधी त्यातलं रबर, तांबं, प्लास्टिक हाताने वेगळं काढावं लागतं. ते काम तो करायचा. मेंढरांत त्याला यापेक्षा जास्त सुटत होतं आणि हात कापत नव्हते. पण ते काम होतं आणि ही नोकरी होती.

घरात मात्र तो सुपरवायझर झाला. सून एकदा किराणा दुकानात तसं बोलून आली. मग ते आम्हा सगळ्यांनाच तसं बोलावं लागलं.

नोकरीची सोय झाली, राहिलं इंग्रजी. जालन्यात मोबाइलच्या दुकानावर एक इंग्रजी बोलायचा क्लास होता, दर रविवारी. तिथल्या मास्तरांनी त्याला एक कागद दिला. आपल्या कामाबद्दल इंग्रजीत कसं बोलायचं, त्याचे सवाल आणि जवाब. झेरॉक्सची झेरॉक्स काढून अक्षरं पुसट झालेली. नातवाने ते सगळं मराठी अक्षरात मोठं मोठं लिहून काढलं. मास्तरांनी सांगितलं होतं, घरी एकाने विचारायचं, एकाने उत्तर द्यायचं. रोज.

त्याचा बाप दुसऱ्याच सवालाला घोरायला लागला. आई लाजली. उरले मी. मी चौथी शिकलेली आहे, अक्षर लागतं. संध्याकाळी दारात सूप घेऊन तूर निवडत बसायचे आणि कागद मांडीखाली दाबून विचारायचे.

"व्हॉट डू यू डू?"

म्हणजे, तू काय काम करतोस.

"आय ॲम अ सुपरवायझर इन अ रेप्युटेड कंपनी." म्हणजे मी नामांकित कंपनीत सुपरवायझर आहे.

दुसरा सवाल, तुझ्या हाताखाली किती माणसं आहेत. त्याचं उत्तर, "ट्वेल्व्ह पीपल वर्क अंडर मी." बारा माणसं. तिसरा, तुझी जबाबदारी काय. मी सगळ्यांच्या कामावर लक्ष ठेवतो आणि शिस्त राखतो, असं ते लांबलचक उत्तर होतं आणि तिथे तो नेहमी अडकायचा. शेवटचा सवाल, तुला तुझ्या कामात काय आवडतं. उत्तर, सगळे मला मान देतात म्हणून मला माझं काम आवडतं.

चुकला की मी सुपातला खडा उचलून त्याला मारायचे. कपाळावर नेम धरायचे. तो चिडायचा, पण पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. माझी सून म्हणायची, "आत्याबाई, डोळा फोडताल." मी म्हणायचे, "फुटला तर एका डोळ्याचा सुपरवायझर."

एकदा मी त्याला विचारलं, "ही बारा माणसं कोणती रे?"

"कागदावरली."

"अन् तुझ्या हाताखाली खरं काय असतंय?"

"भंगार."

"मंग भंगार म्हण की विंग्रजीत."

"त्याचा सवाल न्हाई कागदावर," तो म्हणाला.

होता होता त्याला सगळं पाठ झालं. मी विचारायचा अवकाश की तो उत्तर देऊन मोकळा. मेंढरू कसं, आपल्या माणसाने आवाज दिला की मान वर करतं, तसं झालं होतं त्याचं. दुसरं कुणी विचारलं तर काय, हे मात्र आम्ही बघितलं नाही. दुसरं विचारणारं कोण होतं घरात?

तेवढ्यात मंठ्याचं स्थळ आलं. मुलगी बीएस्सी झालेली, तिथल्याच एका इंग्रजी शाळेत लहान पोरांना शिकवणारी. बापाचं सरकी-पेंडीचं दुकान. मध्यस्थाने सांगितलं, "हे शेवटचं चांगलं स्थळ हाय माझ्याकडं. हे गेलं तर मंग सोडचिठ्ठीवाली, न्हाईतर बाहेरची." बाहेरची म्हणजे दलालाकडून आणलेली. शेजारच्या गावात दोघांनी तशी आणली, दोन्ही आठ-पंधरा दिवसांत दागिने घेऊन पळाल्या. नातवाने ते ऐकलं. त्या दिवसापासून तो कागद खिशात घालून कामावर जायला लागला.

मध्यस्थ जाता जाता आणखी एक बोलला. मुलीकडचे पसंती झाल्यावर घर बघायला येतील, दारात लेंड्या दिसता कामा नयेत. म्हणून मंठ्याला जायच्या आधी आम्ही मेंढरं विकली. सगळी. गाडी लावून एक व्यापारी आला आणि हैदराबादला घेऊन गेला. नातू त्या दिवशी कामावर होता. मुद्दामच कामाचा दिवस धरला. मीही होय म्हटलं होतं. माझं पोट मेंढरांवर भरलं हे खरं, पण माझे गुडघेही मेंढरांनीच खाल्ले. सुनेने अंगण शेणाने सारवलं, वर अगरबत्ती लावली. अगरबत्ती विझली की वास होताच.

मंठ्याला आम्ही जीपने गेलो. मी, मुलगा, सून, नातू आणि मध्यस्थ. नातवाने पांढरा शर्ट घातला होता, खिशाला पेन. हात सारखे मांड्यांखाली दाबून बसला होता.

मी आयुष्यात पुष्कळ मुली बघितल्या आहेत. मुलांसाठी, पुतण्यांसाठी, भाच्यांसाठी. आमच्याकडे कुठे मुलगी बघायला जायचं असलं की मला न्यायचे, कारण मला लाज नव्हती. मी मुलीला ओल्या पायांनी फरशीवरून चालायला लावायचे आणि उठलेला पाय बघायचे. सपाट पायाची नको. वेणी सोडायला लावायचे. हात उलटे-सुलटे करून बघायचे, मऊ असले तर कामाची नाही, फार खरखरीत असले तर बापाने राबवून घेतलेली, लवकर म्हातारी होणार. एक मुलगी तिथेच रडायला लागली. मी म्हटलं, रडणारी नको, आमच्याकडे एक आहे. सून माझ्या शेजारीच बसली होती. त्यात मला वाईट काही वाटत नव्हतं आणि आजही वाटत नाही. बैल घेताना दात बघतात. घरात माणूस आणायचं तर दुसरं काय बघायचं?

मंठ्याला बैठकीत आम्हाला मुरमुऱ्यांची सुशीला दिली, वर चहा. फोडणी चांगली होती. मग मुलगी आली. पदर नाही, ट्रे नाही. पंजाबी ड्रेसवर आली, खुर्ची ओढून नातवाच्या समोर बसली आणि सरळ त्याच्या तोंडाकडे बघायला लागली. नातवाने मान खाली घातली. माझ्या काळात हे उलटं असायचं.

मुलीचा बाप म्हणाला, "बोला, पाव्हणे. आमची थोडं विंग्रजीत विचारील. तुमचा क्लास झालाय म्हणं."

मुलीने विचारलं. काय विचारलं ते मला कळलं नाही, पण कागदावरचं नव्हतं एवढं नक्की कळलं. नातवाच्या कानशिलावरून घाम उतरला. तिने पुन्हा विचारलं, सावकाश, लहान पोरांना विचारतात तसं. नातवाने मान वर केली आणि तिच्याकडे नाही, माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडाकडे.

सुनेने माझ्या मांडीला चिमटा काढला. दातांवर दात दाबून म्हणाली, "आत्याबाई, विचारा की."

मी विचारलं. "व्हॉट डू यू डू?"

"आय ॲम अ सुपरवायझर इन अ रेप्युटेड कंपनी!" शाळेतलं पोरगं झेंड्यासमोर ओरडतं तसा ओरडला.

बैठकीत आधी मुलीचा मामा हसला. "बुढी माय विंग्रजी बोलून राह्यली की वो!" दारातून बायका डोकावल्या. मध्यस्थाची छाती फुगली, जणू त्यानेच मला शिकवलं. मला वाटलं, निभलं. मी दुसरा सवाल टाकला, हाताखाली किती माणसं. नातवाने बारा सांगितली. मग तिसरा. तो पहिलं वाक्य बरोबर बोलला आणि शिस्तीपाशी येऊन थांबला, रोज थांबायचा तिथेच.

पुढचं मुलगी बोलली.

खुर्चीत मागे टेकून, हाताची घडी घालून, तिने शिस्तीचं वाक्य पुरं केलं. कुठे अडखळली नाही. मग पहिल्यापासून सुरू केलं. नामांकित कंपनी, बारा माणसं, कामावर लक्ष. शब्द न् शब्द तोच.

"तुला कसं ठावं गं?" तिची आईच बोलली.

"मागच्या महिन्यात दोघं येऊन गेले ना," मुलगी म्हणाली. "तेच बोलले. तो घनसावंगीकडचा बी सुपरवायझर होता, अन् तो दाढीवाला बी. दोघांच्या हाताखाली बारा-बारा. जालन्यात मजूर कोण हाय की न्हाई, का समदे सुपरवायझरच?"

मामा इतका हसला की त्याला ठसका लागला. दारातल्या बायका तोंडाला पदर लावून आत पळाल्या. माझ्या मुलाने सुशीलाची रिकामी प्लेट हातात घेतली आणि तिच्याकडे बघत बसला.

सून म्हणाली, "न्हाई वो बाई, आमचा खरंच हाय सुपरवायझर."

"मावशी, थांबा." मुलगी नातवाकडे वळली. "हात दाखवा तुमचे."

तो हात मांडीखालून काढेना.

"दाखवा की. खाणार न्हाई मी."

त्याने हात पुढे केले. तिने धरले नाहीत, नुसतं बोटाने खूण करून उलटे करायला लावले, मग सुलटे. तळहातावर कापल्याच्या रेघा, त्यांत गंज बसलेला. एका बोटाचं नख काळं. मी तिच्या जागी असते तर पायही बघितले असते. पण बघण्याची रीत बरोबर होती. ही मुलगी कुणाकडे शिकली नव्हती आणि तरी तिला येत होतं.

"हे सुपरवायझरचे हात हायेत?" तिने विचारलं. "आता मराठीत सांगा. काय काम करता?"

"भंगार निवडतो," नातू म्हणाला. मराठीत त्याचा आवाज अगदी बारीक आला.

"अन् त्याच्या आधी?"

"मेंढरं व्हती."

तिच्या बापाने मान वर केली. इतका वेळ तो पायाच्या अंगठ्याने सतरंजी खरवडत होता. "मेंढरं हायेत व्हय? मोठा कळप हाय का?"

"विकली," माझा मुलगा म्हणाला.

"कधी?"

"इकडं यायच्या आधी. तुम्ही घर बघायला येताल, वास नको म्हणून."

मुलीच्या बापाने जिभेने चक् केलं. "आमच्या बापाची बी व्हती. मी तर म्हणलो असतो, मेंढरं असलेला बरा. बसून खाईना कधी."

"बाबा," मुलगी म्हणाली, "मेंढरं असती तरी बी न्हाई. ज्याला बोलायला आजी लागती, तो मला नको."

मध्यस्थ घाईने उठला. "पोरी, असं तोंडावर बोलू न्हाई. कळवतो म्हणायचं असतं."

"कळवलं की आता. तुमचा फोनचा खर्चा वाचला."

आम्ही उठलो. पायरी उंच होती, माझा गुडघा वळेना. मुलीने माझ्या दंडाला धरून मला उतरवलं.

"आजी," ती हळूच म्हणाली, "तुमचं विंग्रजी त्यांच्यापेक्षा बराबर हाय."

"मला कुणी बघायला येत न्हाई ना," मी म्हटलं.

ती हसली. मला ती आवडली. आमच्या घरात आली असती तर वर्षभरात तिने मला कोपऱ्यात बसवलं असतं, तेही मला कळत होतं. तरी आवडली.

जीपमध्ये सून रडायला लागली. "आत्याबाई, तुम्ही मधी बोलायलाच नव्हतं पाह्यजे. तुमच्यामुळं गेलं स्थळ."

"चिमटा कुणी काढला?"

"मी काढला, पर तुम्ही एवढ्या मोठ्यानं विचारायचं का?"

मध्यस्थ पुढे बसला होता. तो एकदाही मागे वळला नाही. आमच्या फाट्यावर उतरलो तेव्हा म्हणाला, "सोडचिठ्ठीवाली हाय एक तीर्थपुरीकडं. तिला एक लेकरू हाय. बघा, घाई न्हाई." मग तिथे लावून ठेवलेल्या मोटारसायकलला लाथ मारली आणि गेला. त्यानंतर त्याने आमचा फोन उचलला नाही.

नातू फाट्यापासून घरापर्यंत माझ्याबरोबर चालला. मी सावकाश चालते म्हणून तोही सावकाश. चालता चालता म्हणाला, "आज्जे, तिनं म्हणलं ते सगळं बराबर व्हतं का?"

"कुठंच चुकली न्हाई."

"ते शिस्तीचं बी?"

"ते बी."

"माझ्यापेक्षा चांगलं?"

"तुझ्यापेक्षा लई चांगलं," मी म्हटलं. खोटं कशाला बोलायचं? दिवसभराच्या खोट्याचा कंटाळा आला होता.

पुढच्या रविवारी तो मास्तरांशी भांडायला गेला. सगळ्यांना एकच कागद का दिला, म्हणून. मास्तर म्हणाले, हा कागद मुलाखतीसाठी आहे, पोरगी बघायला जाण्यासाठी नाही. आणि म्हणाले, मी काय प्रत्येकाला वेगळी नोकरी देऊ? फी परत देणार नाही, पुढचा भाग शिकायचा असेल तर बस. नातू बसला नाही, घरी आला. मला हे सांगताना त्याला हसू येत होतं की काय, त्याच्या तोंडावरून कळलं नाही.

मग तो हैदराबादच्या व्यापाऱ्याला फोन करत बसला. त्याला निदान एक-दोन माद्या परत हव्या होत्या, नव्याने सुरुवात करायला. व्यापारी त्याला म्हणाला, "भाऊ, वो तो कट भी गए." नातवाने फोन खिशात ठेवला आणि अंगणात गेला. सारवलेलं अंगण आता भेगाळलं होतं. तिथे तो उन्हात उभा राहिला. त्याच्या आईने जेवायला हाक मारली तेव्हा आत आला आणि जेवला. भूक कुणाची मरत नाही.

ज्या नोकरीमुळे मुलगी मिळणार होती तिच्याने मुलगी मिळाली नाही, आणि ज्या मेंढरांमुळे मिळत नव्हती ती मेंढरंही गेली. नोकरी तेवढी राहिली. आता ती सोडून जायला दुसरं काम नाही. मंठ्याच्या मुलीचं लग्न दिवाळीनंतर झालं म्हणतात. नवऱ्याला इंग्रजीचा एक शब्द येत नाही. पोलिसात आहे.

आमच्या बाजूला रोज सकाळी ठेकेदाराचा टेम्पो फाट्यावर येतो. माणसं मागे उभ्याने कोंबलेली. परवा मी दारात मिश्री लावत बसले होते, सूप शेजारी होतं. नातू उंबऱ्यावर बसून तळहाताला चिंधी गुंडाळत होता. आदल्या दिवशी पत्र्याने खोल कापलं होतं. गाठ एका हाताने बसत नव्हती. मी बांधून दिली. दाताने ओढून घट्ट केली, तो कळवळला.

मंठ्याला शेवटचा सवाल विचारायचा राहून गेला होता. का कुणास ठाऊक, तो माझ्या तोंडात आला.

"व्हॉट डू यू लाइक अबाउट युवर जॉब?"

तुला तुझ्या कामात काय आवडतं?

त्याने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं शिवी देईल, नाहीतर उठून जाईल. पण मान वर करून तो बोलला, कागदावर होतं तसं.

"आय लाइक माय जॉब बिकॉज एव्हरीबडी रिस्पेक्ट्स मी."

कुठे अडला नाही. सुपात खडे होते, पण मारायला कारण नव्हतं.

फाट्यावरून हॉर्न वाजला. टेम्पोतून कुणीतरी ओरडलं, "ए मेंढक्या! जल्दी ये, का तुझ्या आज्जीला बसवू तुझ्या जागी?" मागची सगळी माणसं हसली. नातू उठला, डबा घेतला आणि पळत गेला. एकाने हात दिला, तो त्यांच्यात शिरला. मग त्याचा पांढरा शर्ट दिसेनासा झाला. मंठ्याला घातला होता तोच. आता तो कामावर घालतो.